ॲडमिनला यूजरचा पासवर्ड दिसतो का? आणि रीसेट मागणाऱ्याला तो द्यायचा कसा?

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या विंडोज सर्व्हरची जबाबदारी नुकतीच तुमच्याकडे आलीय, लोक 'माझा पासवर्ड काय होता तेवढं बघून सांगा' म्हणून मागे लागतात, तर तो कुठे दिसतो आणि रीसेट करताना काय सांभाळायचं.

दिसत नाही. सर्व्हरकडे पासवर्ड नसतोच, त्याचा हॅश असतो, म्हणजे पासवर्डावर गणित करून काढलेला सांकेतिक मजकूर. पिठाचे परत गहू होत नाहीत, तसाच हॅशचा परत पासवर्ड होत नाही. आधीच्या ॲडमिनने जाताना सगळ्यांच्या पासवर्डची एक्सेल शीट तुमच्या हवाली केली असेल (हे फार ठिकाणी घडतं), तर आधी त्यातले सगळे पासवर्ड बदलून घ्या आणि मग ती शीट उडवा.

मी चौदा वर्षं एका कारखान्यात हेच करतोय, चारेकशे यूजर आहेत. दिवाळीची सुट्टी संपून पहिला दिवस उजाडला की सकाळी साडेनऊपासून फोन सुरू. त्यातले बरेचजण विसरलेले नसतात. कॅप्स लॉक चालू असतो, नाहीतर चुकीचा टाकून टाकून अकाउंट लॉक झालेलं असतं. तिथे नुसतं अनलॉक करा, रीसेट नको. एखाद्याचं अकाउंट अनलॉक केल्यावर दहा मिनिटांत पुन्हा लॉक होत असेल, तर डोमेन कंट्रोलरच्या (सगळ्यांचं लॉगिन तपासणारा मुख्य सर्व्हर) सिक्युरिटी लॉगमध्ये 4740 नंबरची नोंद शोधा. लॉक कुठल्या मशीनवरून झालं त्याचं नाव तिथे असतं. बहुतेकदा जुना पासवर्ड धरून बसलेला मोबाइलवरचा मेल किंवा कधीतरी जोडून ठेवलेला नेटवर्क ड्राइव्ह निघतो.

खरा रीसेट म्हणजे सर्व्हरवरच्या यूजरांच्या यादीत नावावर राइट क्लिक करायचं, रीसेट पासवर्ड निवडायचं, 'पुढच्या लॉगिनला यूजरने पासवर्ड बदलावा' यावर टिक करायची, झालं. ती टिक विसरू नका. नाहीतर तुम्हाला माहीत असलेला पासवर्ड महिनोन् महिने चालत राहतो, आणि उद्या त्या अकाउंटवरून काही भानगड झाली तर बोट तुमच्याकडेही वळणार.

'तोच जुना ठेवा ना हो, हाताला बसलाय' हे वाक्य तुम्हाला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येईल. गंमत म्हणजे ते करता येतं. यूजर स्वतः बदलतो तेव्हा जुन्या पासवर्डांचा इतिहास तपासला जातो, ॲडमिनच्या रीसेटला तो तपासला जात नाही. करता येतं, पण करू नका. मी एकदा भिडेखातर केलं आणि तीन दिवसांत अख्खं अकाउंट्स डिपार्टमेंट दारात.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. फोनवर कोण आहे, हे तुम्हाला कसं कळतं? क्लोरॉक्स या अमेरिकन कंपनीवर ऑगस्ट 2023 मध्ये हल्ला झाला. तिने 2025 मध्ये आपलं हेल्पडेस्क सांभाळणाऱ्या कंपनीवर सुमारे 38 कोटी डॉलरचा दावा लावला. आरोप असा की हल्लेखोराने फोन करून पासवर्ड मागितला आणि ओळख न पटवता तो देऊन टाकला गेला. खरंखोटं कोर्ट ठरवेल, पण असा फोन आमच्याकडेही येऊन गेलाय. 'मी अमुक साहेब, एअरपोर्टवर आहे, मीटिंग सुरू होतेय, लवकर करा.' नाव बरोबर, हुद्दा बरोबर, वर आवाजात साहेबी तोरा. मी म्हटलं, 'साहेब, ठेवा, एचआरकडे तुमचा जो नंबर आहे त्यावर मीच लावतो.' पलीकडून फोन कट. खऱ्या साहेबांना लावला तर ते शेजारच्या बिल्डिंगमध्ये जेवत होते.

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे: आलेल्या फोनवर रीसेट नाही, रेकॉर्डमधल्या नंबरवर उलट फोन करायचा किंवा माणसाने ओळखपत्र घेऊन समोर यायचं. साहेब चिडले तर चिडू देत. हा नियम मॅनेजमेंटकडून लेखी घेऊन ठेवा, म्हणजे चिडणं तुमच्यावर येत नाही. ॲडमिन अकाउंटचे रीसेट तर फोनवर नाहीतच.

तात्पुरता पासवर्ड दरवेळी वेगळा द्या. 'वेलकम ॲट 123' हा कंपनीतल्या पोऱ्यालाही पाठ असतो. फोनवर सांगताना एक आणि स्मॉल एल, शून्य आणि ओ टाळा, अक्षरं 'पी फॉर पुणे, एन फॉर नाशिक' अशी सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. हसू नका, मी पाहिलंय.

घरून काम करणाऱ्यांचं एक वेगळंच दुखणं असतं. तुम्ही रीसेट केलेलं त्यांच्या लॅपटॉपला कळत नाही, तो आठवणीतला जुनाच पासवर्ड मागतो आणि मेल मात्र नवा मागतो. त्यांना आधी जुन्याने लॉगिन करून व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित जोडणी) जोडायला सांगा, मग लॅपटॉप लॉक करून नव्याने उघडायला सांगा. काही व्हीपीएन 'पासवर्ड बदला'वाल्या टिकवर अडतात, तेव्हा जोडणी होईपर्यंत टिक काढून ठेवावी लागते आणि मग आठवणीने परत लावायची.

आणि डोमेनमध्ये नसलेल्या, म्हणजे त्या मुख्य सर्व्हरला न जोडलेल्या सुट्या मशीनवर रीसेट मारण्याआधी दोनदा विचार करा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका ज्येष्ठ अकाउंटंट काकांच्या पीसीवर तो मारला. विंडोजने इशारा दिला होता की माहिती कायमची जाऊ शकते. मी न वाचता पुढे गेलो. त्यांच्या काही फाइलींची नावं हिरव्या अक्षरात दिसायची, मला वाटलं काकांची हौस असेल. त्या फाइली एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे कुलूपबंद होत्या, आणि किल्ली जुन्या पासवर्डाला बांधलेली. एकही फाइल उघडेना. काका काही बोलले नाहीत, नुसते चष्मा पुसत बसले. दोन दिवसांनी त्यांनाच जुना पासवर्ड आठवला, नातीचं नाव आणि तिचं जन्मसाल. तोच परत ठेवला, तेव्हा फाइली उघडल्या.