तीनशे डॉलरचं पिस्तूल, साडेपाचशेचं आणि अडीच हजारांचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रीन कार्ड आलं, डॅलसच्या बाहेर घर घेतलं, घरात नवरा-बायको आणि सहा वर्षांचा मुलगा. 'रोजच्या वापराचं' एक पिस्तूल हवंय, जमलं तर एक कार्बाइनही (खांद्याला टेकवून झाडायची आखूड बंदूक). दुकानदाराने तीनशेच्या आतलं टॉरस दाखवलं, साडेपाचशेचं ग्लॉक दाखवलं, आणि काचेच्या कपाटात वरच्या खणात अडीच हजारांचं स्टकाटो होतं. फरक कशाचा, आणि स्वस्तातलं घेतलं तर फसगत होईल का?

टेक्सासात पंधरा वर्षं काढली आहेत. या तिन्ही किमतींची पिस्तुलं विकत घेऊन झाली, त्यातली दोन विकूनही झाली. तेव्हा ऐका.

आधी तो 'रोजचा वापर' जरा तपासू. पोलिसाचं पिस्तूल रोज कमरेला असतं, पावसात भिजतं, गाडीच्या दाराला घासतं. तुमचं-आमचं पिस्तूल महिन्यातले अठ्ठावीस दिवस कुलपात आणि दोन शनिवार रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागेवर. आता हिशेब करा. ९ मिलिमीटरची साधी सरावाची ५० काडतुसं आजकाल १३ डॉलरच्या आसपास मिळतात. महिन्याला २०० गोळ्या झाडल्या तर वर्षाला सव्वासहाशे डॉलर होतात. म्हणजे दर वर्षी एक ग्लॉक तुम्ही नुसतं धुरात उडवणार. रेंजची फी वेगळी, कानांचे मफ आणि चष्मे वेगळे. या खर्चापुढे तीनशे आणि साडेपाचशे यांच्यातला अडीचशेचा फरक किरकोळ आहे. पण साडेपाचशे आणि अडीच हजार यांच्यातला फरक किरकोळ नाही. तो साडेसात हजार गोळ्यांचा आहे. साडेसात हजार गोळ्या झाडलेला माणूस साध्या पिस्तुलाने जे करेल ते नवशिका स्टकाटोने करू शकणार नाही. माझं मत इथेच कळलं असेल, तरी कारणं सांगतो.

स्वस्त पिस्तूल वाकडं मारतं, हा गैरसमज आहे. दहा-पंधरा मीटरवर नळीची चूक कोणाला दिसतच नाही. दिसते ती आपल्या मनगटाची आणि चाप खेचताना बोट आखडण्याची. उत्पादक पैसा वाचवतो तो छोट्या भागांत: मॅगझिनची (काडतुसं भरायच्या डबीची) स्प्रिंग आणि त्या डबीच्या तोंडाचे पत्र्याचे ओठ, रिकामं काडतूस ओढून बाहेर काढणारा एक्स्ट्रॅक्टर, प्लॅस्टिकची माशी (नेम धरायची पुढची खूण), घामाने गंजणारा वरचा मुलामा. चापाची ओढही प्रत्येक नगात थोडी वेगळी.

माझं पहिलं पिस्तूल २०१२चं, असंच स्वस्तातलं. कंपनीचं नाव घेत नाही. दर तीस-चाळीस गोळ्यांनी रिकामं काडतूस आत अडकायचं. मला वाटायचं, आपलीच मूठ ढिली पडतेय. नवशिक्याची मूठ ढिली असली की असं होतंही. दोन महिने मी मनगट घट्ट करत बसलो. शेवटी रेंजवरच्या एका म्हाताऱ्या प्रशिक्षकाने हातात घेतलं, आणि त्याच्याही हातात तिसऱ्या मॅगझिनला ते अडकलं. इतका आनंद मला पगारवाढीलाही झाला नव्हता. कंपनीने फुकट दुरुस्त करून दिलं, सात आठवड्यांनी. पुढे ते नीट चाललं, पण रात्री त्याच्या भरवशावर निजायची माझी तयारी नव्हती. १२० डॉलरला विकलं. तीनशेतला धोका हा असा असतो. शंभरातले बहुतेक नग उत्तम चालतात, पण तुमच्या वाट्याला कुठला येईल हे ३०० गोळ्या झाडल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे पिस्तूल कुठलंही घ्या, निदान ३०० गोळ्या न अडकता गेल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका.

टॉरसबद्दल लोक नाक मुरडतात त्याला इतिहास आहे. ही ब्राझीलची कंपनी, अमेरिकेतला कारखाना जॉर्जियात बेनब्रिजला. (भारतातही जिंदालांबरोबर हरियाणात हिसारला त्यांचा कारखाना निघालाय.) त्यांच्या जुन्या नऊ मॉडेलांवर, हातातून पडलं तर गोळी सुटते, म्हणून इथे सामूहिक दावा झाला आणि कंपनीला तडजोड करावी लागली. आताचं जी३सी त्या पिढीतलं नाही आणि किमतीच्या मानाने चांगलं आहे. पण महाग कंपन्याही काही धुतल्या तांदळाच्या नाहीत. सिगचं पी३२० विशिष्ट कोनात पडलं तर गोळी सुटू शकते हे २०१७ साली उघड झालं, आणि कंपनीला फुकट सुधारणा करून द्यायची योजना काढावी लागली. म्हणून माझा नियम: कोणाचंही असो, नवं मॉडेल पहिलं वर्षभर दुसऱ्यांना वापरू द्यावं.

ग्लॉक सुंदर नाही. काळी वीट आहे. पण १९८२ साली ऑस्ट्रियाच्या लष्करासाठी ते निवडलं गेलं तेव्हापासून आतली रचना फारशी बदललेली नाही, आणि खरा फायदा त्यातच आहे. ग्लॉक १९ हे १९८८पासूनचं, १५ गोळ्यांचं, रिकामं असताना पाऊण किलोच्या आत. त्याची स्प्रिंग, त्याचं मॅगझिन, त्याचं होल्स्टर (कमरेला लावायचं म्यान) अमेरिकेतल्या कुठल्याही गावात मिळतं. आपल्याकडे स्प्लेंडरचा क्लच प्लेट कुठल्याही तालुक्याला मिळतो तसं. विकायला काढलं तर किंमतही बरी येते. एकच गोष्ट पाठ करून ठेवा: साफ करायला उघडताना ग्लॉकचा चाप दाबावा लागतो. त्याआधी मॅगझिन काढून, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे ओढून, नळीच्या मागच्या टोकाला जिथे काडतूस बसतं त्या खोबणीत काडतूस नाही हे डोळ्यांनी पाहायचं आणि बोट घालून चाचपायचं. 'रिकामंच होतं' म्हणत लोकांनी स्वतःचे तळहात फोडून घेतले आहेत. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पीमध्ये उघडताना चाप दाबावा लागत नाही, म्हणून नवशिक्यांना मी तेही सुचवतो. किंमत जवळपास तीच.

आणि बजेट खरंच तीनशे-साडेतीनशेच असेल तर दुकानात हळूच विचारा: पोलिसांकडून परत आलेलं ग्लॉक आहे का? इथले पोलीस विभाग ठरावीक वर्षांनी पिस्तुलं बदलतात, जुनी व्यापाऱ्याला देतात. होल्स्टरला घासून बाहेरून पांढरी पडलेली असतात, पण आतून बहुधा फार चाललेली नसतात, कारण बरेच पोलीस वर्षातून एक-दोनदा पात्रता चाचणीपुरते रेंजवर जातात. माशी बदलून घेतली, एक नवी रिकॉइल स्प्रिंग (धक्का झेलणारी) टाकली की झालं. तेवढ्याच पैशात नवी स्वस्त नक्कल मिळते, उदाहरणार्थ पामेटोचं डॅगर. ग्लॉकच्या तिसऱ्या पिढीची पेटंटं संपल्यावर आलेलं. तेही चालतं. पण मी जुनं ग्लॉक घेईन.

आता वरच्या खणातलं. स्टकाटो बनतं आपल्या टेक्सासातच. मूळ आराखडा जॉन ब्राउनिंगच्या १९११ पिस्तुलाचा, फक्त मूठ जाड करून मॅगझिन दुहेरी रांगेचं. जड पोलाद, चाप काच तुटावी तसा स्वच्छ सुटतो, धक्का सरळ मागे येतो आणि माशी जागेवर परत येते. दुसरी गोळी लवकर आणि नेमकी जाते. स्पर्धेत सेकंदाच्या दहाव्या भागासाठी भांडणाऱ्याला ते पैसे वसूल आहेत. २०१८ला बोनस आला तेव्हा मीही एक असंच महागडं घेतलं होतं. पैठणी नेसून भाकऱ्या थापाव्यात तसं झालं. ओरखडा पडेल म्हणून रेंजवर नेईना, नेलं तर मऊ कापडात गुंडाळून. दीड वर्षात चारशे गोळ्या. त्या हलक्या चापाची भीतीही वाटायची. घाबरलेल्या माणसाच्या बोटाला थोडा जड चापच बरा.

कार्बाइनबद्दल मात्र माझं मत पुष्कळांपेक्षा वेगळं आहे. घरासाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर पिस्तुलाआधी ९ मिलिमीटरची कार्बाइन बघा. पिस्तुलाला आधार फक्त दोन तळहातांचा. कार्बाइनचा दस्ता खांद्याला टेकतो, गाल त्याला टेकतो, दुसरा हात पुढे. माझ्या बायकोने पिस्तुलाने पहिल्या दिवशी कागदाच्या बाहेरची लाकडी चौकट सजवली. त्याच दुपारी कार्बाइनने २५ यार्डांवर सगळ्या गोळ्या बशीएवढ्या गोलात. गोळी तीच, काडतूस त्याच पेटीतलं. धक्काही शरीरभर वाटला जातो.

इथे स्वस्त-महाग फरक मात्र खरा आहे आणि तो यंत्रातच आहे. स्वस्त कार्बाइन बहुतेक 'ब्लोबॅक' पद्धतीच्या. काडतूस मागून बंद करणाऱ्या बोल्टला काही कुलूपच नसतं. गोळी नळीबाहेर जाईपर्यंत तो नुसत्या वजनाने दाबून धरतो. म्हणून बोल्ट जड, आणि तो जड लोखंडी ठोकळा मागे-पुढे आपटतो. गंमत अशी की त्यामुळे दुबळं ९ मिलिमीटर खांद्याला एआर-१५ रायफलपेक्षा जास्त टोचतं. एचकेच्या एमपी५च्या घराण्यात रोलर लावून बोल्ट उशिरा सोडलाय, सिगच्या एमपीएक्समध्ये वायूच्या दाबावर चालणारं कुलूप आहे. दोन्ही लोण्यासारखी चालतात, आणि किंमत दोन हजारांच्या वर. मधला मार्ग रुगरची पीसी कार्बाइन: ब्लोबॅकच, पण बोल्टच्या आत टंगस्टनचं सरकतं वजन घालून आपट कमी केली आहे. दोन तुकड्यांत सुटते, आणि मॅगझिनची खोबण बदलली की ग्लॉकची मॅगझिनं चालतात. पिस्तूल आणि कार्बाइनला एकच मॅगझिन, हे घरात फार सोयीचं. वजन तीन किलोंच्या वर, हे लक्षात ठेवा.

त्याखाली केल-टेकची सब-२०००, मधोमध घडी होऊन सव्वासोळा इंचांची होते, दप्तरात मावते. गालाला मात्र चापट्या मारते. आणि सगळ्यात तळाला ओहायोची हाय-पॉइंट. ती बघून तुम्ही हसाल, सगळेच हसतात. कंपनीही हसते: २०१९ साली नव्या पिस्तुलाचं नाव इंटरनेटवर मतदानाला टाकलं, लोकांनी थट्टेने 'यीट कॅनन' (भिरकावायची तोफ म्हणा) निवडलं आणि कंपनीने ते खरंच छापलं. कुरूप, जड, पण त्यांची कार्बाइन चालते आणि आयुष्यभराची हमी मालक बदलला तरी राहते. पैशाची ओढाताण असलेल्या माणसाला मी नको म्हणणार नाही.

दोन अडचणी. कार्बाइनची नळी १६ इंचांपेक्षा आखूड करता येत नाही. करायची तर आधी १९३४च्या केंद्रीय कायद्याखाली वेगळी नोंदणी करून मंजुरी घ्यावी लागते. त्यामुळे अरुंद बोळात वळताना ती भिंतीला लागते. आणि भिंती: इथल्या घरांच्या भिंती जिप्समच्या, ९ मिलिमीटरची गोळी त्यातल्या दोन-तीन सहज पार करते. मुलाची खोली कुठल्या बाजूला आहे हे आधी घरभर चालून बघा. बंदूक कितीही महाग असली तरी ही भिंत तीच.

मुलाचा विषय निघाला तर तिजोरी. मला विचाराल तर पिस्तुलातले शंभर-दीडशे वाचवून इथे घाला. चाळीस डॉलरच्या पत्र्याच्या पेट्या आपटल्या तरी उघडतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या हजारो तिजोऱ्या परत मागवल्या गेल्या, कारण ठसा नोंदवेपर्यंत त्या कोणाच्याही बोटाने उघडत होत्या. मी बटणं दाबायची यांत्रिक पेटी घेतली, ना बॅटरी ना ठसा. टेक्सासात निष्काळजीपणाने ठेवलेलं भरलेलं हत्यार १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवा. सहा वर्षांचं पोर कुठे-कुठे चढतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुवा आणि कपडे बदलूनच त्याला उचला. बारुदाच्या धुरात शिसं असतं.

आमच्या आजोबांकडे कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी होती, डुकरं हाकायला. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करून यायचे, पावती धोतराच्या कनवटीला. इथे ९ मिलिमीटर, जी भारतात सामान्य माणसाला निषिद्ध बोअर (मनाई असलेलं माप) आहे, ती सहज मिळते म्हणून ढिलाई येते. कागदपत्रांत मात्र ढिलाई नको. तुमचं ग्रीन कार्ड आलं, पण वहिनींचं आलं का? त्या अजून एच-४वर (नोकरीच्या व्हिसावाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असतील तर शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडता त्यांनी हत्यार बाळगणं केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. रेंजवर भाड्याचं हातात घेणंसुद्धा. एच-१बीवरच्या मित्राने 'माझ्यासाठी तुझ्या नावावर घे' म्हटलं तर हात जोडा. अशा गुन्ह्यात नुसता तुरुंग नाही, ग्रीन कार्डही जाऊ शकतं.

तर तुम्हाला पिस्तूल हवंच आहे, म्हणून तुमच्यासाठी: पोलिसांकडून आलेलं ग्लॉक १९, चांगली यांत्रिक पेटी, एक दिवसाचा वर्ग, आणि उरलेल्यात १००० गोळ्या. सहा महिन्यांनी रुगरची कार्बाइन. घेण्याआधी दोन्ही रेंजवर भाड्याने झाडून बघा, आणि वहिनींना कायद्याची अडचण नसेल तर त्यांनाही न्या. हात त्यांचे लहान असतील तर ग्लॉकची मूठ त्यांना जाड वाटेल, मग एम अँड पी.

दुकानात जाताना ग्रीन कार्ड बरोबर ठेवा, खरेदीच्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर त्यावरचा ए-नंबर (परदेशी नागरिकाचा नोंदणी क्रमांक) भरावा लागतो. नवं घर घेतलंय म्हणालात, तर ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता आधी बदलून घ्या. मी न बदलता गेलो होतो, पन्नास मैल गाडी हाकून हात हलवत परत आलो.