जीपची बॅटरी: साडेआठ हजार, साडेसतरा की थेट चौतीस?

केज तालुक्यातल्या एका वाचकांनी विचारलंय: घरी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल जीप आहे. आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) जाणं-येणं, दुधाचे कॅन, आणि पावसाळ्यात बालाघाटाच्या डोंगरात मित्रांसोबत फेरफटका, एवढाच तिचा वापर. बॅटरी तीन वर्षांची. आठ-दहा दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ घेत नाही, धक्का मारावा लागतो. दुकानदाराचे भाव असे: जुनी प्लेट बदलून भरलेली बॅटरी 3,800 (सहा महिने वॉरंटी), साधी 70 अॅम्पिअर-अवरची पाण्याची बॅटरी 8,500 (24+24 महिने), एजीएम बॅटरी (अॅसिड काचेच्या धाग्यांच्या गादीत शोषलेली, बंद बॅटरी) 17,500 (36 महिने), आणि विंचसाठी (रुतलेली गाडी दोराने ओढून काढणाऱ्या यंत्रासाठी) दुसरी बॅटरी, दोन बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारा आयसोलेटर, वायरिंग असा पूर्ण सेट 34,000, तोही बारा महिन्यांच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यावर. सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतले 22,000 हातात आहेत. मार्चअखेर पीककर्ज भरायचंय. काय घ्यावं?

तुमच्या पत्रात भावांपेक्षा ‘आठ-दहा दिवस उभी राहिली की’ हे शब्द मला जास्त खटकले. रोज चालवताना गाडी सुरू होते आणि उभी ठेवली की बसते, म्हणजे बंद गाडीतही कोणीतरी करंट खातंय, ही शंका आधी फेडायची. एलईडी बार, जीपीएस ट्रॅकर, साउंडचा अॅम्प्लिफायर यांपैकी काहीतरी किल्लीच्या वायरऐवजी थेट बॅटरीवर जोडलेलं असतं, असं बऱ्याचदा निघतं. तसं असेल तर 17,500 ची बॅटरीही तशीच उतरणार, फक्त तुमचं दुःख जास्त महाग होईल.

म्हणून पहिला खर्च चार-पाचशे रुपयांच्या मल्टिमीटरचा. गाडी रात्रभर बंद ठेवा आणि सकाळी सेल्फ मारण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट बघा. 12.6 म्हणजे भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा बघत राहा. भरलेली बॅटरी असूनही तो 9.6 च्या खाली गेला, तर बॅटरी थकली. इंजिन सुरू झाल्यावर 13.8 ते 14.5 दिसायला हवं. दिवे लावूनही 13.5 च्या खाली राहत असेल तर पट्टा ढिला किंवा डायनामोचं काम. 14.8 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय आणि तोच बॅटरीतलं पाणी उकळून संपवतोय.

आता चोर शोधायचा. निगेटिव्ह क्लॅम्प काढा, मीटरची लाल वायर 10 अॅम्पिअरच्या खाचेत लावून मीटर अॅम्पिअरवर ठेवा, एक पिन क्लॅम्पला आणि दुसरी बॅटरीच्या टोकाला. गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. 50 मिलिअॅम्पिअरपर्यंत (मीटरवर 0.05) असेल तर चालतं. 200 (मीटरवर 0.20) दिसले तर हिशेब करा: दिवसाला 4.8 अॅम्पिअर-अवर, म्हणजे 70 ची बॅटरी आठवड्यात अर्धी. एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजने आकडा पडेल, चोर त्या लाइनवर. फ्यूज नसलेली जोडणी थेट बॅटरीवरून उपटून बघायची. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

आणखी एक तपासणी लोक विसरतात. सेल्फ मारताना मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच टोकाच्या क्लॅम्पवर टेकवा. 0.2 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोघांमध्ये बुरशी बसलीय. ग्लासभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश, नंतर व्हॅसलिन, एवढ्यावर काम भागतं. यात बॅटरी बदलायची गरजच उरत नाही, असंही होऊ शकतं.

तपासणीत बॅटरीच गेलेली निघाली, म्हणजे पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवली तरी सकाळी 12.4 च्या खाली, किंवा हायड्रोमीटरवर (अॅसिडची घनता मोजायच्या नळीवर) एखादा सेल बाकीच्यांपेक्षा 0.050 ने कमी, तर घ्यावीच लागेल. मग हिशेब महिन्याचा करा. प्लेट बदलून भरलेली बॅटरी वॉरंटीनंतर दोनेक महिने गेली, एकूण आठ, तर महिन्याला 475 रुपये. दिसायला स्वस्त, पण तिन्ही बॅटऱ्यांत खरी उधळपट्टी हीच. साधी बॅटरी तीन वर्षं गेली तर महिन्याला 236. एजीएम चार वर्षं गेली तर 365. साध्या बॅटरीच्या भावाला उतरायला एजीएमने 74 महिने काढायला हवेत, सव्वासहा वर्षं.

आपल्याकडे ते अवघड आहे. मे महिन्यात बीड-परभणीत पारा 42-43 वर जातो आणि बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त असतं. ढोबळ नियम असा की दर 10 अंश वाढीला शिसे-अॅसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. साध्या बॅटरीत पाणी आटलं तर भरता येतं, एजीएममध्ये ती सोय नाही. एजीएमचे गुण खोटे नाहीत: हादरे जास्त सोसते, गाडी कलली तरी अॅसिड सांडत नाही, खोलवर उतरली तरी सावरते. पण तुमच्या वापराला हे गुण वर्षातून चार-सहा रविवारीच लागणार.

चौतीस हजारांच्या सेटबद्दल. दुकानदाराला रोखीचा भाव विचारा. तो 31,000 म्हणाला, तर ‘बिनव्याजी’ हप्त्यात 3,000 व्याज लपलंय, आणि 2,833 च्या बारा हप्त्यांवर त्याचा दर वर्षाला साधारण साडेसतरा टक्के पडतो. प्रोसेसिंग फी वेगळी. मोठी विंच पूर्ण ओढीला 300 ते 400 अॅम्पिअर खाते हे खरं, पण मागच्या पावसाळ्यात काळ्या मातीत तुम्ही दोनदाच रुतलात, असं तुम्हीच लिहिलंय. हाकेच्या अंतरावर कोणाचा ना कोणाचा ट्रॅक्टर असतो. तो बोलवा, डिझेलचे पैसे द्या.

त्यापेक्षा पीककर्ज सांभाळा. मुदतीत फेडणाऱ्याला 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जावर केंद्राची आणि राज्याची व्याजसवलत मिळते, तारीख चुकली की ती जाते. बॅटरीचे 8,500 गेल्यावर उरलेले 13,500 आधी सोसायटीत भरा.

माझा कौल साध्या बॅटरीला, तोही पक्क्या बिलावर. 22 सप्टेंबर 2025 पासून बॅटरीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, भाव त्याच दराचा आहे का बघा. बिलावर सिरियल नंबर हवा. ‘24+24’ मधले पहिले 24 महिने फुकट बदली, पुढचे 24 फक्त सूट, आणि ती सूट बहुतेकदा छापील किमतीवर मोजतात, त्यामुळे बाजारभावाशी ताडल्यावर फार उरत नाही. बॅटरी तीन महिन्यांपेक्षा जुनी नको, आणि काउंटरवरच मीटर लावून 12.5 च्या वर असेल तरच उचला. प्लस-मायनसची बाजू जुन्या बॅटरीसारखीच असू द्या, नाहीतर केबल पुरत नाही. जुनी बॅटरी दुकानातच द्या, पण 8,500 हा भाव तिची किंमत वजा करून आहे की आधीचा, हे आधी विचारा.

बसवताना निगेटिव्ह आधी काढायचा, शेवटी जोडायचा. खालची पकडपट्टी घट्ट आवळा. मुरुमाच्या रस्त्यावर बॅटरी ट्रेमध्ये नाचली की प्लेटवरचा लेप झडून तळाशी साचतो आणि सेल शॉर्ट होतो. उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याला पाणी बघा: प्लेटच्या वर बोटभर, तेही डिस्टिल्डच. बोअरचं क्षाराचं पाणी तर नाहीच, फिल्टरचंही नको. अॅसिड वरून कधीही टाकू नका.

आखाड्यावर गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर निगेटिव्हवर तीन-चारशे रुपयांचा कटआउट स्विच बसवा. तिथे लाइटचा भरवसा नाही, त्यामुळे चार्जरपेक्षा हाच उपाय टिकेल. शिवाय बँकेत 250 रुपयांची 36 महिन्यांची आरडी उघडा. पुढची बॅटरी घेताना व्याजासह 9,000 च्या वर रक्कम तयार असेल.

विंच भाड्याने लावून, अडकलेल्या गाड्या काढून महिन्याला चार पैसे मिळवायचा बेत असेल, तर मात्र पुन्हा लिहा. किती गाड्या, काय भाव, तेवढं कळवा. तेव्हा दुसऱ्या बॅटरीचा हिशेब वेगळा मांडू.