जॉर्जियाला परराष्ट्रमंत्री असतो का?

प्रश्न असा आहे: अमेरिकी निवडणुकीवरच्या एका मराठी लेखात ‘जॉर्जियाचे परराष्ट्रमंत्री ब्रॅड राफेन्सपर्गर’ असं छापलंय. राज्याला परराष्ट्रमंत्री कसा? आणि नसेल, तर ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ला मराठीत म्हणायचं काय?

राज्याला परराष्ट्रमंत्री नसतो. जॉर्जिया नावाच्या देशाला असतो, त्यामुळे इथे गोंधळ दुप्पट. वॉशिंग्टनमधला सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणजे परराष्ट्रमंत्री, हे बरोबरच. पण अमेरिकेच्या 50पैकी 47 राज्यांत याच धाटणीचं एक पद आहे, आणि त्याचा परदेशांशी काडीचा संबंध नाही. राज्याचा शिक्का, सरकारी दफ्तर, कंपन्यांची नोंदणी आणि बहुतेक ठिकाणी निवडणुका, हे त्याचं काम. अलास्का, हवाई आणि युटामध्ये हे पदच नाही. तिथे ही कामं लेफ्टनंट गव्हर्नरकडे असतात.

एकच नाव दोघांना का? 1789मध्ये अमेरिकेने आधी परराष्ट्र व्यवहार खातं काढलं. दोन महिन्यांच्या आत कायदे प्रसिद्ध करणं, देशाचा शिक्का सांभाळणं अशी घरची कामंही त्याच्या गळ्यात पडली, म्हणून नाव बदलून ‘स्टेट’ केलं. केंद्रात पुढे परराष्ट्राचं काम वरचढ झालं, राज्यांत दफ्तर आणि शिक्काच उरला. अष्टप्रधानांच्या भाषेत सांगायचं तर केंद्रातला सुमंत, म्हणजे डबीर, आणि राज्यातला सचिव, म्हणजे सुरनीस.

कामं राज्यागणिक बदलतात. मिशिगन आणि इलिनॉयमध्ये गाडी चालवायचा परवानाही हेच खातं देतं, म्हणजे आपलं आरटीओच. त्यामुळे मिशिगनमध्ये ‘सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे जायचंय’ म्हणणाऱ्याला बहुधा लायसन्स नवं करायचं असतं. न्यूयॉर्कमध्ये मात्र निवडणुका या पदाकडे नाहीतच, त्यासाठी वेगळं मंडळ आहे.

बातमीत हे पद येतं ते निवडणुकीमुळेच. 2000मध्ये फ्लोरिडाच्या कॅथरीन हॅरिस यांनी बुश यांचा 537 मतांचा विजय प्रमाणित केला. 2 जानेवारी 2021ला ट्रम्प यांनी 11,780 मतं ‘शोधायची’ आहेत असं फोनवर सांगितलं, ते राफेन्सपर्गर यांना. त्यांच्या आधी ब्रायन केम्प याच खुर्चीत होते. 2018ला ते गव्हर्नरपदासाठी स्वतः उभे होते आणि मतदान संपेपर्यंत निवडणूकही त्यांच्याच खात्याच्या ताब्यात होती! आपल्याकडे मुख्य निवडणूक अधिकारी स्वतः उमेदवार, अशी कल्पना करून बघा.

आता शब्द. ‘राज्यमंत्री’ चालणार नाही, आपल्याकडे तो कॅबिनेट मंत्र्याच्या खालचा. ‘राज्य सचिव’ म्हटलं की मंत्रालयातला आयएएस अधिकारी डोळ्यांपुढे येतो, आणि हा माणूस तर बहुतेक राज्यांत पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. ‘चिटणीस’ मला मनापासून आवडतो, कारण आपला चिटणीस निवडूनही येतो आणि दफ्तरही सांभाळतो. पण ‘राज्य चिटणीस’ वाचून लोक कुठल्या पक्षाचा, असं विचारतील. तेव्हा बातमीत सरळ ‘जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याच्या निवडणूक यंत्रणेचे प्रमुख’ असं एकदा लिहावं, पुढे नुसतं ‘सेक्रेटरी’. ब्रिटिश अमदानीत लंडनमधल्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट फॉर इंडिया’ला ‘भारतमंत्री’ म्हटलं जायचं. शब्द सोडून काम पाहिलं, की असा सुटसुटीत शब्द सुचतो. इथे कामंच राज्यागणिक वेगळी, म्हणून तसा एक शब्द बसत नाही.

जाता जाता एक. मॅसॅच्युसेट्स, पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियात याच पदाला ‘सेक्रेटरी ऑफ द कॉमनवेल्थ’ म्हणतात. त्याचं ‘राष्ट्रकुल सचिव’ करू नये. तिथे कॉमनवेल्थ म्हणजे ते राज्यच.