कापडी तोरणाच्या आंब्याच्या पानांची टोकं बोथट येतात आणि तोरण मधे झोळ धरतं, काय करावं?

टोकाशी सुई रोवून कापड एकदम वळवलंत, की उलटवल्यावर तिथे कापडाचा गोळा बसतो. टोकावर एक आडवा टाका घ्या, मग वळा. विचित्र वाटेल, पण टोक यानेच धारदार येतं. नंतर टोकाजवळची शिलाईबाहेरचं जादा कापड एक सूतापर्यंत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) छाटा, बाकी दोन सूत राहू द्या. खणाचे धागे फार सुटतात, त्याहून कमी केलंत तर शिवण उसवेल. विणकामाच्या सुईच्या बोथट बाजूने टोक बाहेर काढा. कात्रीचं टोक आरपार जातं.

३६ इंची दारासाठी १२ पानं, प्रत्येक साडेतीन इंच रुंद कापा, शिवून तीन इंच उरतं. पानं जिला लावायची ती वरची पट्टी ३८ बाय ४ इंच.

झोळ पडतो तो पट्टी लुळी असल्यामुळे. आतून चिकटणारं बकरम (ताठ कापड) इस्त्रीने दाबा, इस्त्री घासू नका, नाहीतर सरकतं. दोन टोकांनाच नव्हे, दर ९ इंचांवर एक, अशा पाच नाड्या लावा. आणि अस्तर आधी धुऊन घ्या. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि पानं वाकडी होतात.