मिनिमम ड्यू आणि सासूबाईंच्या पाटल्या

"मॅडम, एवढंच सांगा, सोनं मोडू का नको?"

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ताईंनी विचारलं. दादा शेजारी बसले होते, हेल्मेट मांडीवर घेऊन. 2023 चा जुलै, बाहेर भोसरीचा पाऊस. आठवड्यातून दोन दिवस मी समुपदेशन केंद्रात बसते. त्याआधी तेवीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे पैशाचा गुंता असलेली जोडपी बहुतेक माझ्याच टेबलाकडे पाठवली जातात. हा सोन्याचा प्रश्न तर मला महिन्यातून चारदा ऐकू येतो. नावं नकोत म्हणून ताई आणि दादा एवढंच म्हणते. काही तपशीलही बदलले आहेत.

दादा चाकणच्या एका कारखान्यात कामाला, हातात पगार 34,000. ताई घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात, त्यातून सरासरी 6,000. दोन मुलं, भाड्याचं घर, ओतूरकडच्या गावी दादांची आई. दारू नाही, जुगार नाही. तरीही पगार दहा तारखेला संपतो आणि मग रोज भांडण.

मी म्हटलं, सोन्याचं नंतर बघू. आधी कोणाचं किती देणं आहे ते एका कागदावर लिहा. दादा म्हणाले, "असेल दोन-अडीच लाख."

"असेल" या शब्दाची मला बँकेपासून भीती वाटते. ज्याला आकडा ठाऊक असतो तो "असेल" म्हणत नाही.

ताईंनी पिशवीतून मापांची वही काढली. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची छाती-कंबर-बाही, मागची पानं कोरी. तिथे लिहायला लागलो. बहिणीच्या लग्नाला काढलेलं पर्सनल लोन: दोन लाखांचं, 15 टक्क्यांनी, हप्ता 5,566, अजून 28 हप्ते, म्हणजे शिल्लक मुद्दल साधारण 1,31,000. गाडीचं 30,000, हप्ता 2,900. "बिनव्याजी" हप्त्यांवरचा मोबाइल, 1,850 चे सात हप्ते. ताईंच्या भावाचे हातउसने 30,000. क्रेडिट कार्ड 92,000.

कार्डाचा आकडा ऐकून ताईंचा पेन थांबला. त्या 40,000 धरून चालल्या होत्या.

"मी दर महिन्याला भरतोय की," दादा म्हणाले. "4,600. एकदाही चुकवलं नाही."

हा माणूस खोटं बोलत नव्हता. स्टेटमेंटवर जी 'मिनिमम ड्यू' म्हणून रक्कम छापलेली असते ती तो इमानेइतबारे भरत होता. मी वही माझ्याकडे ओढली आणि त्यांच्यासमोर गणित मांडलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, 92,000 वर 3,220. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, 580. झाले 3,800. भरलेल्या 4,600 मधून कर्ज कमी झालं फक्त 800 रुपयांनी. शिवाय मागची बाकी ठेवून कार्ड वापरलं की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. महिना साडेतीन म्हणजे वर्षाला 42 टक्के. सावकाराला आपण शिव्या देतो, पण हे कार्ड आपल्याला घरपोच, पाकिटात घालून आलेलं असतं. (मीही बँकेत असताना ही कार्डं विकली आहेत. टार्गेट असायचं. ते सांगितल्याशिवाय पुढे बोलणं मला बरं वाटत नाही.)

पहिल्या दिवशी एवढंच झालं. निघताना दादा दारात रेंगाळले. ताई छत्री उघडत होत्या तेवढ्यात हळूच म्हणाले, "मॅडम, अजून थोडं आहे. पुढच्या वेळी मी एकटा येऊ का?"

मी म्हटलं, एकटे येऊ शकता, पण ते वहीत ताईंच्याच हस्ताक्षरात लिहिलं जायला हवं.

पुढच्या बैठकीला दोघंही आले. दादांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि तीन कर्जाची ॲप दाखवली. पंधरा दिवसांचं कर्ज: मागितले 10,000, हातात आले 7,800, फेडायचे 10,000. एकाचं फेडायला दुसऱ्याचं, दुसऱ्याचं फेडायला तिसऱ्याचं. एकूण देणं 38,000. फोन कामावर येत, रात्री येत, आणि गेल्या आठवड्यात एकाने धमकी दिली होती की फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज टाकू.

ताई बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं आता स्फोट होणार. झालं भलतंच. त्यांनी वहीचं पान उलटलं आणि स्वतःच लिहिलं: बचत गट, 20,000. त्यांच्या आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला काढलेले. दादांना माहीतच नव्हतं. महिन्याला 1,000 मुद्दल आणि शेकडा दोनने 400 व्याज त्या शिलाईतून परस्पर भरत होत्या.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दादांना हसू आलं. नाइलाजाचं, पण हसू.

बेरीज 3,54,000.

माझ्याकडे येणाऱ्या घरांत पैसे कमी असतात हे खरंच. पण त्याहून जास्त वेळा असं असतं की एकाच घरात दोन वह्या चाललेल्या असतात, आणि दोन्ही डोक्यात. नवरा बायकोला त्रास नको म्हणून लपवतो, बायको माहेरचा विषय नको म्हणून लपवते. मग जो खड्डा दिसतच नाही तो नवीन कर्जाने बुजवला जातो. त्यांचा खड्डा केवढा होता? घरखर्च 30,100. त्यात भाडं, किराणा, दूध, शाळा-शिकवणी, पेट्रोल, गावी आईला 2,000, सगळं आलं. हप्ते, कार्डाची किमान रक्कम, गट आणि ताईंची भिशी मिळून 18,300. एकूण 48,400. आवक 40,000. दर महिन्याला 8,400 कमी. ते आधी कार्डावर गेले, कार्डाची मर्यादा भरत आल्यावर ॲपवर.

आता सोन्याकडे आलो. दोन पाटल्या, मिळून अडीच तोळ्यांच्या, सासूबाईंनी लग्नात घातलेल्या. घरात 42 टक्क्यांचं कर्ज आणि कपाटात सोनं, हा मामला मला कधीच पटला नाही. पण मोडायचं का? मोडताना घडणावळ जाते, घट धरतात, आणि तेवढं सोनं या पगारात पुन्हा होत नाही. तारण ठेवलं तर बँकेत तेव्हा 10 टक्क्यांच्या आसपास व्याज होतं. 42 चं कर्ज 10 वर आणायचं, एवढाच याचा अर्थ. त्याने कर्ज फिटत नाही, फक्त श्वास मिळतो. आणि कार्ड पुन्हा वापरलं तर पाटल्याही जातात. हे मी तीनदा सांगितलं.

ताईंचं उत्तर ठाम होतं. "गौरींना सासूबाई विचारतील, पाटल्या कुठायत? काय सांगू?"

"खरं सांगा."

"तुम्हाला आमच्या सासूबाई माहीत नाहीत."

मी आग्रह धरला नाही. घरातलं कोणाला काय सांगायचं हे समुपदेशकाने ठरवू नये. तोवर बाकीचं उरकलं. ॲपवाल्यांचं आधी. दोन ॲपवर कर्ज देणाऱ्या कंपनीचं नावच नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ते दाखवावं लागतं, आणि फोनमधले कॉन्टॅक्ट, फोटो यांना ॲपने हात लावायचा नसतो. वसुलीचे फोनही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत. दादांनी धमक्यांचे स्क्रीनशॉट काढले, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, आणि साहेबाला व चार जवळच्या मित्रांना आधीच सांगून ठेवलं की असा काही मेसेज आला तर आश्चर्य वाटू देऊ नका. धमकीचा निम्मा जीव तिथेच गेला.

कार्डवाल्यांकडून दरम्यान फोन आला, "सर, 55,000 भरा, सेटलमेंट करून टाकू." दादांना ते फार गोड वाटलं. मी सांगितलं, सिबिलमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' असा शेरा बसतो, 'क्लोज्ड' असा नाही, आणि पुढे घराचं कर्ज मागायला गेलात की हाच शेरा आडवा येतो. ज्याच्याकडे काहीच नाही त्याने सेटलमेंट जरूर करावी. तुमच्याकडे पाटल्या आहेत.

त्या रविवारी दादा गावी गेले. आईला सगळं सांगितलं, ॲपसकट. सोमवारी ताईंचा फोन आला, आवाजात अजून धक्का होता.

"मॅडम, सासूबाई म्हणाल्या, दोनदा जाऊन आल्यात त्या पाटल्या. एकदा विहिरीला, एकदा ह्यांच्या कॉलेजच्या फीला. सावकाराकडे. ही तिसरी खेप. चिठ्ठी तेवढी जपून ठेव म्हणाल्या."

ऑगस्टमध्ये पाटल्यांवर एक लाख मिळाले. महिन्याला फक्त व्याज भरायचं आणि हातात येईल तसं मुद्दल टाकायचं, असं कर्ज मुद्दाम निवडलं. वर्षाअखेरीला एकदम सगळं फेडण्याच्या कर्जात आपल्याकडची माणसं विसरतात, आणि मग लिलावाची नोटीस येते. भिशी बारा जणींची, 2,000 ची. त्या महिन्याचा नंबर लागलेल्या बाईशी ताईंनी अदलाबदल केली आणि 24,000 उचलले. शिलाईच्या डब्यातले 6,000. झाले 1,30,000. आधी तिन्ही ॲप, मग पूर्ण कार्ड. कार्ड बंद केल्याचं पत्र मागून घेतलं. दादांना मोबाइलचं कर्ज आधी संपवायचं होतं, एक तरी संपलं असं वाटेल म्हणून. मी नाही म्हटलं. ज्याचं व्याज जास्त ते आधी, मग मनाला कितीही वाटो. पर्सनल लोन आणि बचत गटाला हातच लावला नाही. गटाचा दर वर्षाला 24 टक्के होतो खरा, पण ते व्याज गटातच राहतं, त्यात ताईंचाही वाटा असतो.

तरी महिना जुळत नव्हता. इथे काटकसरीची भाषणं द्यायचा मोह होतो. मुलांचं दूध तोडा, शिकवणी तोडा. मी फक्त तीन गोष्टी धरल्या. कंपनीची बस असताना गाडीने चाकण कशाला? 1,300 वाचले. केबल आणि मोबाइलवरच्या दोन वर्गण्या, 700. किराणा मॉलमधून न आणता घाऊक दुकानातून, यादी करून, 1,000. गावाकडचे 2,000 दादांनी स्वतः कमी करायला काढले होते, ते मी थांबवले. म्हातारीच्या औषधावर पहिली कात्री चालवणारं अंदाजपत्रक मला बघवत नाही.

खरा फरक मात्र दुसऱ्या बाजूने पडला. मी सहज विचारलं, अस्तराच्या ब्लाउजचे किती घेता? ताईंनी जो आकडा सांगितला तो पाच वर्षांपूर्वीचा होता. "वाढवले तर बायका येणार नाहीत," म्हणाल्या. वाढवले. दोघी गेल्या, बाकीच्या राहिल्या, आणि शिलाई 6,000 वरून 8,500 वर गेली.

आता आवक 42,500. हप्ते, भिशी आणि पाटल्यांचं व्याज मिळून 14,550, घरखर्च 27,100. उरले 850.

"एवढ्यासाठी एवढं?" दादा म्हणाले. बरोबर होतं त्यांचं. पण उणे 8,400 पासून अधिक 850 हा प्रवास त्यांनी दोन महिन्यांत केला होता. पुढचं ठरवलं ते एवढंच: जो हप्ता संपेल तो घरखर्चात जिरू द्यायचा नाही, त्याच तारखेला पाटल्यांच्या कर्जात टाकायचा. सात महिन्यांनी मोबाइलचे 1,850, मग भिशीचे 2,000, मग गाडीचे 2,900. दिवाळीच्या बोनसमधले 15,000 मुद्दलात आणि 15,000 वेगळ्या खात्यात, हात न लावण्यासाठी.

एप्रिल 2024 मध्ये सासूबाई अंगणात पडल्या, मनगट मोडलं. खर्च 18,000. दादा मला नंतर म्हणाले, दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी मोबाइलवर ॲप शोधलंही होतं. सवयीने बोट तिकडेच गेलं. मग फोन ठेवून दिला आणि ताईंना उठवून सांगितलं, "मी आत्ता पुन्हा घेणार होतो." त्या वेगळ्या खात्यातले 15,000 गेले, 3,000 शिलाईतून. मुद्दलात त्या महिन्यात एक पैसा गेला नाही. ताईंनी वहीत त्या महिन्यासमोर "आईंचा हात" असं लिहून पुढची ओळ चालू केली.

दुसऱ्या दिवाळीचा बोनस आला आणि जानेवारी 2025 मध्ये, संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात, पाटल्या सुटल्या. पर्सनल लोनचे हप्ते तेव्हा अजून चालूच होते, भावाचे 30,000 सुद्धा. सोडवायला सासूबाई स्वतः ओतूरहून आल्या होत्या, चिठ्ठी कनवटीला. बँकेतल्या मुलाने पाकीट फोडून पाटल्या पुढे सरकवल्या तर त्या घेईनात.

"काट्यावर ठेव आधी. अडीच तोळे भरायला पाहिजेत."

मुलाने वजन केलं, 29 ग्रॅमच्या थोडं वर. "आजी, जवळजवळ तीन तोळे आहेत की," तो हल्लीचा दहा ग्रॅमचा तोळा धरून म्हणाला. सासूबाईंचा तोळा जुना, साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वरचा.

सासूबाईंनी ताईंकडे वळून विचारलं, "दुसऱ्या कुणाच्या तर नाहीत ना ह्या?"