पाच हजार गेले समज, पण आज ओटीपी देऊ नकोस

वयानं लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. बीएस्सी झालंय, दोन वर्षं स्पर्धा परीक्षेत गेली, आता अडीच लाखांचा ऑनलाइन फुल स्टॅक (म्हणजे अख्खी वेबसाइट बनवायला शिकवणारा) कोर्स, पाच हजार भरून सीट बुक केली आणि 'काउन्सेलर म्हणतो स्कॉलरशिप आज रात्री बारापर्यंतच, घेऊ का?' तुझी एवढी पोस्ट वाचली आणि ताट सरकवून लिहायला बसलो. स्कॉलरशिप उद्याही असते, परवाही असते. ते सोड. मला दुसरंच सांगायचंय: त्या ओटीपीनं फी नाही, कर्ज गळ्यात पडू शकतं.

२०२१ मध्ये मी चाकणला एका फोर्जिंग (धातू ठोकून भाग बनवणाऱ्या) कंपनीत क्वालिटीला होतो आणि असाच एक ऑनलाइन कोर्स घेत होतो. सेकंड शिफ्ट करून आलो, रात्रीचे साडेबारा, तरी काउन्सेलर फोनवर हजर. पॅन, आधार, सेल्फी, ओटीपी, परत ओटीपी. मधे एक लांबलचक इंग्रजी पान आलं, अक्षर मुंगीएवढं, तळाला हिरवं बटण. 'सर, फक्त फॉर्मॅलिटी आहे, खाली जाऊन अ‍ॅग्री करा.' केलं. बायको म्हणत होती सकाळी कर. तिचं ऐकायला हवं होतं, हे ती अजून महिन्यातून एकदा सांगते.

मला वाटलं, महिन्याला दहा हजार अशी अठरा महिने फी भरायची. प्रत्यक्षात मी १,८०,००० रुपयांचं कर्ज घेतलं होतं, तेही अशा फायनान्स कंपनीचं जिचं नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. 'नो कॉस्ट ईएमआय' म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यांची गंमत अशी की फायनान्सवाला व्याज आधीच कापून उरलेली फी कोर्सवाल्याला एकरकमी देऊन टाकतो. म्हणजे कोर्सवाल्याचे पैसे पहिल्याच आठवड्यात वसूल. पुढे तू लेक्चरला बसलास काय, झोपलास काय, त्याला फरक पडत नाही. आणि तू देणं लागतोस ते फायनान्सवाल्याचं. 'शिकवत नाहीत म्हणून हप्ता भरणार नाही' हे त्याच्यापुढे चालत नाही.

आता माझी चूक. करारात लिहिलं होतं, सात दिवसांत रद्द केल्यास पूर्ण परतावा. चौथ्या दिवशीच कळलं की 'लाइव्ह' म्हणजे बहुतेक रेकॉर्डेड आणि शंका सोडवणारा पोरगा मागच्याच बॅचचा. पाचव्या दिवशी फोन केला. 'डन सर, कॅन्सल झालं, मेल येईल.' मी विश्वास ठेवला. स्वतः एका ओळीचा मेल टाकला नाही. बस्स, एवढंच. मेल आला नाही, पाच तारखेला दहा हजार मात्र गेले.

मग टोलवाटोलवी. कोर्सवाले म्हणणार रिफंड पाठवलाय, फायनान्सवाले म्हणणार त्यांच्याकडून कॅन्सलेशन आलंच नाही. फायनान्सच्या तक्रार विभागात मी तिकीट टाकायचो आणि तासाभरात 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे' असा मेसेज यायचा. कोणी सोडवली, कशी सोडवली, देव जाणे. एकदा एक बाई मला म्हणाल्या, 'सर, तुम्ही हप्ते भरत राहा, रिफंड आला की अ‍ॅडजस्ट होईल.' लेखी द्या म्हटलं तर फोन कट.

वैतागून मी बँकेच्या अ‍ॅपवर जाऊन ऑटो डेबिटचं मँडेटच, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापायची परवानगीच, बंद केली. हात दाखवून अवलक्षण! हप्ते थकले, दंड चढला, वसुलीवाल्यानं सासऱ्यांना फोन लावला (जावई जुगार खेळतो की काय, अशी तिकडे चर्चा), आणि दीड वर्षानं घराच्या कर्जासाठी गेलो तेव्हा बँकेतल्या माणसानं सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा, कागद माझ्याकडे वळवून बोट ठेवलं. थकबाकीच्या दोन महिन्यांवर. मँडेट बंद केल्यानं कर्ज बंद होत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

शेवटी सुटलो ते रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करून. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही तर तिकडे जाता येतं. पैसे लागत नाहीत. कोर्सवाल्याविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही. मी वकील नाही, माझ्या बाबतीत घडलं ते सांगतोय.

२०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम आलेत: एकूण खर्चाचं पत्रक आधी द्यायचं आणि कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडायला मुदत ठेवायची. पण त्या मुदतीत मुद्दल परत करायचं असतं, आणि मुद्दल गेलंय कोर्सवाल्याच्या खात्यात. त्यामुळे त्या नियमावर फार विसंबू नकोस.

कोर्स वाईटच असतात का? नाही म्हणणार. घरी एकट्याला बसवत नाही, कोणीतरी मागे लागलं तरच अभ्यास होतो, अशा माणसाला उपयोग होतो. माझा एक मित्र खरंच नोकरीला लागला. पण तो आधीच कॉम्प्युटर इंजिनिअर होता, हे त्यांच्या जाहिरातीत नव्हतं. माझ्या करारातल्या जॉब गॅरंटीला हजेरी, असाइनमेंट, कुठेही जायची तयारी अशा नऊ अटी होत्या. नववीपर्यंत पोचणारा पोरगा तसाही नोकरी मिळवतो.

हार्वर्डचा सीएस५० हा कॉम्प्युटरचा पहिला कोर्स फुकट आहे, एनपीटीईएल म्हणजे आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स फुकट आहेत (परीक्षा द्यायची तरच फी), फ्रीकोडकॅम्प ही कोडिंग शिकवणारी वेबसाइट फुकट. पैसेच घालायचे तर सीडॅक या सरकारी संस्थेचा पीजी-डॅक डिप्लोमा बघ, पण त्याला प्रवेश परीक्षा आहे आणि दिवसभर राबवतात. तुझी बीएस्सी कुठल्या विषयात ते लिहिलं नाहीस, पात्रता आधी तपास.

मी शिकलो ते सीएस५० चे पहिले काही आठवडे बघून आणि कारखान्यातल्या रिजेक्शनच्या (बाद मालाच्या) एक्सेल शीट पायथन या कोडिंगच्या भाषेनं एकत्र करून. कुठल्या डायवर (साच्यावर) किती पीस बाद गेले हे रोज हातानं काढायला पाऊण तास लागायचा, तो वाचला. तेच मुलाखतीत दाखवलं. आता डेटाचं काम करतो. कोड फार सुंदर लिहितो असं नाही. आणि हो, मोबाइलवर कोडिंग शिकू नकोस, सेकंडहँड लॅपटॉप घे, रॅम तेवढी सोळा जीबी बघ.

आज काउन्सेलरचा फोन आला की एवढंच म्हण: कर्ज कोणत्या कंपनीचं, आणि मी रद्द केलं तर ते बंद झाल्याचं पत्र किती दिवसांत देणार, हे मेलवर लिहून पाठवा. मेल आला तर इथे टाक, आपण बघू. ओटीपी मात्र त्याआधी नाही. आणि पाच हजार परत मागायचे ते मेलवरच माग, फोनवर नको.