स्वप्नं किती तीव्र पडतात, हे प्रश्नावलीने खरंच मोजता येतं का?

तुम्ही विचारलंय की स्वप्नांच्या तीव्रतेच्या ऑनलाइन चाचणीत तुमचे गुण बरेच वर आले, म्हणजे तुमची स्वप्नं इतरांपेक्षा तीव्र आहेत असं समजायचं का. इतक्यात तसं धरून चालू नका. एम.ए.च्या प्रकल्पासाठी असे प्रश्न मराठीत आणायचा खटाटोप मी केला होता, आणि चांगलाच तोंडघशी पडलो.

आजीला विचारलं, "स्वप्नात रंग दिसतात का?" ती म्हणाली, "रंग बघायला थांबले कुठे? म्हैस मागे लागली होती." आता हिला तीव्रतेचे गुण किती द्यायचे? चित्र धूसर, पण छाती धडधडत उठलेली.

तीव्रता म्हणजे एकच गोष्ट नव्हे. हाँगकाँगचे स्वप्न-संशोधक कॅल्विन यू यांच्या मापनपट्टीत स्वप्नं किती पडतात आणि किती लख्ख दिसतात, हे घटक वेगळे धरलेत. जर्मनीतल्या मानहाइमची 2014 ची प्रश्नावली भावना किती तीव्र होत्या हे पाच पायऱ्यांवर विचारते, आणि स्वप्न किती वेळा आठवतं हे वेगळं, सात पायऱ्यांवर.

खरी गोची आठवणीची. 1957 साली डिमेंट आणि क्लाइटमन या झोपेच्या अभ्यासकांनी लोकांना रेम झोपेतून (बंद पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या टप्प्यातून) मुद्दाम उठवलं, तेव्हा सुमारे 80 टक्के वेळा स्वप्न सांगता आलं. घरी सकाळी आरामात उठणाऱ्याच्या हाती त्यातलं फारच थोडं लागतं. म्हणजे चाचणीत आपण गुण देतो ते आठवलेल्या स्वप्नांना, आणि भडक तेवढीच जास्त आठवतात.

म्हणून मला स्वप्न-संशोधक अर्नेस्ट हार्टमन यांची रीत जास्त पटते. अमेरिकेतल्या 44 जणांनी 11 सप्टेंबर 2001 च्या दहशतवादी हल्ल्याच्या आधी आणि नंतर टिपलेली प्रत्येकी दहा-दहा, एकूण 880 स्वप्नं त्यांनी घेतली. कोणतं स्वप्न कधीचं हे माहीत नसलेल्यांनी त्यांतल्या मुख्य प्रतिमेला गुण दिले. हल्ल्यानंतरच्या प्रतिमा जास्त तीव्र निघाल्या, पण विमानं किंवा मनोरे त्यांत वाढले नव्हते! हे 'गेल्या काही महिन्यांत' असं विचारणाऱ्या चाचणीत कधीच सापडलं नसतं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर उशाशी वही ठेवा आणि मोबाइल हातात घ्यायच्या आधी लिहा. स्वप्न किती स्पष्ट होतं आणि भावना किती जोरकस होती, याचे गुण वेगवेगळे द्या. पहिल्या आठवड्यात स्वप्नं वाढल्यासारखी वाटतील. तो वहीचा परिणाम, तेवढे दिवस हिशेबात धरू नका.